कुर्तुब्यातला एक निवांत दिवस

परदेशातून कुणी आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलं?" मग यादी सुरू होते. आठ दिवसांत पाच शहरे, इतके राजवाडे, इतकी संग्रहालये. यादी जेवढी लांब, तेवढे पैसे वसूल. या महिन्यात मी ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्याची यादी अगदी आखूड आहे. एक मशीद, एक पूल, काही अंगणे आणि आम्ही दोघे.

शहर होते स्पेनमधले कोर्दोबा. आपण उर्दूवाले त्याला कुर्तुबा म्हणतो. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. दोन वर्षांची भिशी आणि थोडी शिल्लक गाठीला बांधून, मुलांना नणंदेकडे सोपवून, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडे गेलो. लग्नाला एकवीस वर्षे झाली होती, पण दोघांनीच मिळून केलेला हा पहिलाच प्रवास. माद्रिदहून वेगवान रेल्वेने कुर्तुबा दोन तासांच्या आत येते. भावाने विचारले, "त्याच दिवशी सेव्हिलही करून येणार का?" मुलांचे अब्बा म्हणाले, "नको. एक दिवस, एकच शहर." म्हणून आदल्या संध्याकाळीच पोहोचून आम्ही जुन्या वस्तीतल्या एका छोट्या अतिथिगृहात मुक्काम केला.

सकाळी साडेआठला मशिदीच्या दारात उभे राहिलो. सोमवार ते शनिवार सकाळचा पहिला तास तिथे तिकीट नव्हते आणि गर्दीही बेताची होती. इमारतीचा इतिहास थोडक्यात सांगते. पहिला अब्दुर्रहमान याने 785 च्या सुमारास बांधकाम सुरू केले. पुढच्या दोनशे वर्षांत तीनदा वाढवून ती आजच्या आकाराला आली. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले आणि मशिदीचे चर्च झाले. सोळाव्या शतकात अगदी मधोमध मोठे कॅथेड्रल उठवले गेले. आजही तिथे चर्चची प्रार्थना होते, नमाजला परवानगी नाही.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मग खांब दिसू लागतात, रांगेमागे रांग. आज 856 खांब उभे आहेत. त्यांच्यावर लाल विटांच्या आणि फिकट दगडांच्या पट्ट्यांच्या कमानी, एकावर एक दुहेरी. मी नुसती पाहत राहिले. मुलांचे अब्बा बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहेत. ते हळू आवाजात समजावू लागले, "हे खांब जुन्या रोमन इमारतींचे काढून आणलेत. बुटके पडले. एवढ्या मोठ्या दालनाला छत उंच हवं, नाहीतर जीव कोंडतो. म्हणून कमानीवर कमान चढवली. बघ, अडचणीतूनच सौंदर्य आलं." एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून सिमेंटच्या गोण्या आणि बिलांचे घोळ मी पुष्कळ ऐकले होते. कमानीबद्दल असे बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

मेहराबीपुढे कठडा आहे. तिच्यावरचे सोनेरी मोझॅक दहाव्या शतकातले. उर्दूच्या वर्गात आम्ही सगळे अल्लामा इक्बाल यांची 'मस्जिदे कुर्तुबा' वाचत आलो. ते 1933 मध्ये इथे आले होते, आणि ही नज्म 1935 च्या 'बाल-ए-जिब्रील'मध्ये आहे. मला वाटले होते, इथे उभे राहिल्यावर रडू येईल. शेजारी पाहिले तर मुलांचे अब्बा मान वर करून घुमटाचे जोड न्याहाळत होते. म्हणाले, "काम किती चोख आहे! हजार वर्षांहून जास्त उभं आहे. ज्यांनी बांधलं, अल्लाह त्यांना त्याचं फळ देवो." गमावल्याच्या दुःखापेक्षा बांधणाऱ्या हातांसाठी केलेली ही दुआ मला जास्त मोलाची वाटली.

बाहेर नारिंगीच्या झाडांचे अंगण आहे. झाडांना पाणी देणारे दगडी पाट जमिनीतून फिरवले आहेत. तिथे आम्ही पाऊण तास नुसते बसलो. समोर घंटाघर होते, आणि त्याच्या पोटात जुन्या मिनाराचा भाग अजून आहे.

नाश्त्याला भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचे तेल. मग ऊन चढायच्या आत नदीकडे निघालो. नदीचे नाव ग्वादलकिविर, म्हणजे अरबीतले 'अल-वादी अल-कबीर', मोठी नदी. जुना रोमन पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. काठावर लाकडी पाणचाक उभे आहे. ते पाहून दोघांच्याही तोंडून एकदमच निघाले, "पाणचक्की!" औरंगाबादच्या पाणचक्कीत पूर्वी पाणी दळण दळायचे, इथले चाक नदीचे पाणी वर चढवायचे.

भाषा शिकवणाऱ्या बाईला हे शहर म्हणजे मेजवानीच. साखरेला स्पॅनिशमध्ये 'असुकार', लिंबाला 'लिमोन', नारिंगीला 'नारान्हा', कापसाला 'आल्गोदोन' म्हणजे अरबी 'अल-कुत्न', सदऱ्याला 'कामिसा', म्हणजे आपला कमीजच. एखादी गोष्ट व्हावी असे वाटले की तिथले लोक 'ओहाला' म्हणतात. तो शब्दही 'अल्लाहने इच्छिले तर' अशा अर्थाच्या अरबी शब्दांतून आला आहे. दुपारी जेवायला तिथला खास पदार्थ घेतला, तळलेली वांगी, वर उसाच्या काकवीसारखा पाक. वांग्याला म्हणतात 'बेरेन्हेना'. हा शब्द भारतातून फारसीत, फारसीतून अरबीत आणि अरबीतून स्पेनमध्ये गेला. आपले वांगे इतके फिरून आले आहे, हे ऐकून मुलांचे अब्बा हसून म्हणाले, "मग हे आपल्याआधी परदेशी जाऊन आलं!" जाणाऱ्यांसाठी एक सूचना. टोमॅटो आणि पावाचे थंडगार 'साल्मोरेहो' फार छान लागते, पण त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. 'सिन हामोन' म्हणजे मांसाशिवाय, असे आधीच सांगावे.

दुपारी दोननंतर बरीच दुकाने बंद होतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हे शहर दुपारी झोपते. आम्ही मुक्कामी आलो, जोहर आणि असर कस्र करून एकत्र अदा केली आणि खालच्या चौकात चहा घेऊन बसलो. जाण्यासारखे कुठे नव्हते, करण्यासारखे काही नव्हते. भिंतीवर जिरेनियमच्या कुंड्या, मधोमध छोटे कारंजे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मला आर्किटेक्चरला जायचं होतं. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हते. प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षी त्यांचे अब्बा गेले. दोन बहिणी लग्नाच्या होत्या, म्हणून डिप्लोमा करून नोकरी धरली. इतकेच. तक्रारीचा सूर नव्हता. मी विचारले, "इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?" ते म्हणाले, "कधी बोलणार होतो? घरी आलो की तुझ्या वह्या, मुलांचा अभ्यास, अम्मीची औषधं. विषय निघायला रिकामा वेळ लागतो." पुढे दोन तास ते बोलत होते, कॉलेजचे दिवस, काढलेले नकाशे, जपून ठेवलेली एक वही. ती वही आमच्याच कपाटात आहे.

संध्याकाळी अंगणे पाहायला निघालो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथले लोक आपल्या घरांची अंगणे सर्वांसाठी उघडतात. या स्पर्धेची सुरुवात 1921 ची, आणि 2012 मध्ये युनेस्कोने या उत्सवाची दखल घेतली. तिकीट नसते. सान बासिलिओ मोहल्ल्यात एक म्हाताऱ्या बाई लांब काठीला बांधलेल्या डब्याने वरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. रचना आपल्या वाड्यांसारखीच, बाहेरून बंद भिंत आणि आत मोकळा चौक. मुलांच्या अब्बांनी खिशातल्या तिकिटाच्या पाठीवर एका चौकाचा आराखडा काढला. मी त्यांच्यासाठी कुंडीचा आधार धरून उभी राहिले.

मगरिब तिथे सव्वानऊच्या पुढे होते, म्हणून संध्याकाळ लांबलचक मिळाली. जुन्या तटाशी इब्ने रुश्द यांचा पुतळा आहे, हातात पुस्तक. 1126 मध्ये याच शहरात जन्मलेले, इथलेच काझी, आणि त्यांचे 'बिदायतुल मुजतहिद' आजही मदरशांत शिकवले जाते. गल्लीत थोडे पुढे मूसा बिन मैमून या यहुदी विद्वानाचा पुतळा. तेही याच शहराचे.

वाचक भगिनींनो, हदीसमध्ये येते की रसूलुल्लाह (स.) सफरीत असताना हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या जिंकल्या, पुढे केव्हातरी आप (स.) जिंकले. एवढ्या मोठ्या जबाबदाऱ्या असताना पत्नीसाठी असा निवांत वेळ काढला जात होता. आपण मात्र निवांतपणा म्हणजे आळस समजतो, आणि नवरा-बायकोने दोघेच कुठे जायचे ठरवले तर लाजतो.

स्पेनलाच जायला हवे असे नाही. आपल्याकडे दौलताबाद आहे, खुल्दाबाद आहे, कोकणचा किनारा आहे. एसटीने जा, डबा बरोबर घ्या. फक्त ठिकाण एकच ठेवा आणि दुपार रिकामी ठेवा. जे एरवी सांगायचे राहून जाते, ते अशा दुपारी निघते.

परत आल्यावर ती वही मी कपाटातून काढली. आता आमच्या धाकट्या मुलीच्या टेबलावर असते. ती अब्बांना कमानींचे प्रश्न विचारते, आणि अब्बा बिले बाजूला सारून उत्तरे देतात.