फोन महागणार का? कारखान्यांचा 'पीएमआय' किती खरं सांगतो

२०२१ ची गणेश चतुर्थी. त्या दिवशी, १० सप्टेंबरला, जिओफोन नेक्स्ट बाजारात येणार होता. प्रत्यक्षात तो दिवाळीत आला. कंपनीने दिलेल्या कारणांत जगभरातली चिपटंचाई होती. त्याच महिन्यात महिंद्रानेही आपल्या गाड्यांच्या कारखान्यांत साधारण सात दिवस उत्पादन बंद राहील असं जाहीर केलं. मग प्रश्न पडतो: अशी टंचाई आधीच ओळखता येते का?

थोडीफार येते. त्यासाठी बाजारातले लोक एका आकड्याकडे बघतात. तो म्हणजे पीएमआय.

हा आकडा येतो कुठून?

कारखान्यात सुटे भाग कोण मागवतं? खरेदी विभागाचा मॅनेजर. दर महिन्याला अशा शेकडो मॅनेजरना विचारलं जातं: गेल्या महिन्यापेक्षा नव्या ऑर्डर वाढल्या, घटल्या की तेवढ्याच आहेत? उत्पादन, नोकरभरती, माल पोचायला लागणारा वेळ आणि साठा यांबद्दलही हेच विचारतात.

हिशोब सोपा आहे. १०० पैकी ४० जण 'वाढल्या' म्हणाले आणि ४० जण 'तेवढ्याच' म्हणाले, तर पहिल्या गटाचे पूर्ण ४० आणि दुसऱ्याचे अर्धे, म्हणजे २०. आकडा झाला ६०. ५० च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घसरण. अमेरिकेत आयएसएम ही संस्था दर महिन्याच्या सुरुवातीला तो जाहीर करते. भारतात एचएसबीसीच्या नावाने येणारा पीएमआय एसअँडपी ग्लोबल तयार करते. त्यासाठी सुमारे ४०० कंपन्यांना विचारलं जातं.

चिपशी याचा काय संबंध?

आज कारखान्याला ऑर्डर मिळाली की उद्या त्याला कपॅसिटर, सेन्सर, चिप लागणार. पण एक चिप फॅबमध्ये तयार व्हायलाच साधारण तीन महिने जातात. म्हणून मागणीचा सुगावा आधी लागणं महत्त्वाचं.

मागचे आकडे बघा. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, अमेरिकेचा पीएमआय ४१.५ होता. मार्च २०२१ मध्ये तो ६४.७ झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे १९८३ नंतरचा सगळ्यात वरचा आकडा. त्या वर्षी जगातली चिपविक्री सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आकडा ५० च्या खाली आला आणि २०२३ मध्ये चिपविक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. म्हणजे जोडी जमली, नाही का?

पण दोन फसव्या जागा आहेत

पहिली: माल उशिरा पोचला की पीएमआय वर जातो. 'उशीर होतोय म्हणजे मागणी जास्त' असं त्यात धरलेलं आहे. पण बंदर तुंबलं किंवा कारखाना बंद पडला तरी उशीर होतोच. २०२१ च्या आकड्यात या उशिराचाही हात होता.

दुसरी: टंचाईत लोक घाबरून जास्तीचा माल मागवतात. दहा हजार चिप हव्यात, तर दोन ठिकाणी दहा-दहा हजारांची ऑर्डर. कागदावर मागणी दुप्पट, खरी तेवढीच! पुढे माल पोचला की गोदामं भरतात आणि ऑर्डर अचानक आटतात. म्हणून जाणकार एकट्या पीएमआयवर थांबत नाहीत. नव्या ऑर्डर आणि साठा यांच्यातलं अंतर बघतात. ऑर्डर वाढताहेत आणि साठा कमी होतोय, तर मागणी खरी. दोन्ही एकदम वाढत असतील तर जरा सावध.

२०२४ मध्ये गणित चुकलं

मार्च सोडला तर २०२४ मध्ये अमेरिकेचा पीएमआय ५० च्या खालीच होता. जुन्या हिशोबाने चिपविक्री थंड पडायला हवी होती. ती तर सुमारे १९ टक्क्यांनी वाढून ६२० अब्ज डॉलरच्या पुढे गेली!

याचं मोठं कारण एआय. पीएमआय फर्निचरपासून खाद्यपदार्थांपर्यंत सगळ्या कारखान्यांना विचारतो. शिवाय तो 'वाढलं का' विचारतो, 'किती' ते विचारत नाही. डेटा सेंटरसाठी मोजक्या कंपन्यांनी केलेली अफाट खरेदी त्यात दिसतच नाही.

आणि हीच खरेदी आता आपल्या खिशापर्यंत आली आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या कंपन्या एआयला लागणाऱ्या मेमरीकडे जास्त क्षमता वळवताहेत, त्यामुळे फोन-लॅपटॉपच्या रॅमसाठी कमी उरते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मग आपण काय करायचं?

'कारखाने थंड आहेत, फोन स्वस्त होईल' एवढ्यावर विसंबून थांबू नका. पीएमआय दिशा सांगतो, किंमत नाही. फोन घ्यायचाच असेल तर मेमरीच्या दरांच्या बातम्याही बघा, आणि नवीन मॉडेलमध्ये त्याच किमतीत रॅम कमी तर दिली नाही ना, हे तपासा. महागाई कधी कधी किमतीत दिसत नाही, स्पेसिफिकेशनमध्ये लपलेली असते.