आकाशातला पंक्तिप्रपंच

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, फुग्यातून उड्डाण, हौशी वैमानिकांची हलकी विमाने अशा अकरा प्रकारांना उत्तेजन देण्याचा संकल्प त्यात आहे. अशा धोरणावर समाजवादी कार्यकर्त्याची प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते. जिथे एस.टी. वेळेवर येत नाही तिथे हे श्रीमंतांचे चोचले कशाला, असे म्हणून तो पान उलटतो. ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, पण पुरेशी नाही. चोचले स्वतःच्या खर्चाने चालले असते तर गोष्ट वेगळी. विमान उतरते ती धावपट्टी, तिच्याखालची जमीन, तिच्यावरचे आकाश आणि ते सांभाळणारी यंत्रणा, हे सारे सार्वजनिक आहे.

रत्नागिरीला फ्लाइंग क्लबाची परंपरा नाही. मिरजोळ्याच्या सड्यावर धावपट्टी मात्र आहे. तिथे तटरक्षक दलाचा तळ आहे, आणि प्रवासी विमानसेवेच्या घोषणा रत्नागिरीकरांनी इतक्या ऐकल्या आहेत की त्यांचे आता कोणाला अप्रूप राहिलेले नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. नव्या धोरणाच्या आधाराने हौशी वैमानिकांचे क्लब उद्या कोकणच्या किनाऱ्यावर आले, तर रविवारी सकाळी मुंबई-पुण्याहून उडून यायचे, आंब्याच्या बागेत जेवायचे आणि सूर्यास्तापूर्वी परतायचे, असा त्यांचा क्रम राहील. अमेरिकेतले हौशी वैमानिक अशा सहलीला थट्टेने ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात. जेवण किरकोळ, ते गाठण्यासाठी जाळलेले इंधन महाग!

या थट्टेत अर्थशास्त्र पुष्कळ आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली ऐषारामी वर्गाची मीमांसा केली, तेव्हा विमान जन्मालाही आले नव्हते. खर्च करणे हाच ज्याचा हेतू असतो अशा उपभोगाचे त्याने केलेले वर्णन या सहलीला चपखल बसते. तथापि व्हेब्लेनच्या चष्म्यातून सगळेच दिसत नाही. पहाटेच्या स्थिर हवेत किनाऱ्यावरून उडण्याचा आनंद खरा आहे, आणि उतरल्यावर चहाच्या कपाभोवती त्याच्या गोष्टी सांगण्याचा आनंदही तितकाच खरा आहे. तो आनंद कोणाच्या पैशाने उभा राहतो आणि त्याच्या पंक्तीला कोणाला बसवले जाते, हा प्रश्न आहे.

मुंबई फ्लाइंग क्लबाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९२८ च्या सुमारास हिंदुस्थानात फ्लाइंग क्लब निघाले ते सरकारी मदतीवर. विमाने आणि वार्षिक अनुदान सरकारने दिले, कारण साम्राज्याला वैमानिक हवे होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. या देशात दिला गेलेला तो पहिला. पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत ते इकडून इंग्लंडला निघाले होते, तर अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून इकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीला स्पार्क प्लगची अडचण होती. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि शर्यत अस्पीने जिंकली. हाच अस्पी पुढे १९६० साली भारताचा हवाई दलप्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला असे साहाय्य करण्याची ही उदारता अस्सल होती, यात शंका नाही. परंतु ती पंक्तीत बसलेल्यांपुरती होती. ज्या १९२९ साली मुंबईत परवाना दिला गेला, त्याच वर्षी पुण्यात पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह चालला होता आणि तरुण एस. एम. जोशी त्यात उतरले होते. एका बाजूला काही जणांसाठी आकाश उघडत होते. दुसऱ्या बाजूला देवळाची पायरीदेखील बंद होती.

पंक्तीचे महत्त्व रत्नागिरीकरांना समजावून सांगायला नको. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने येथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींची सहभोजने झाली. सावरकरांच्या राजकारणाशी समाजवाद्यांचा उभा दावा. पण माणसे कोणाबरोबर जेवतात यावर समाजाची घडण अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. याच जिल्ह्यातल्या पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केले तेही उंबरठ्यासाठीच. क्लबाच्या भोजनाला जातीची पाटी नसते. वर्गणीचा आकडा असतो. तो आकडा पाटीचेच काम अधिक सभ्यपणे करतो. त्या मेजावर झालेल्या ओळखींतून नोकऱ्या, भागीदाऱ्या, सोयरिकी जमतात, आणि बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग उपाय काय? क्लब बंद पाडणे हा नव्हे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांचे आघाडी सरकार आले. त्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि लेओ लाग्रांज या तरुण समाजवाद्याकडे क्रीडा व विरंगुळ्याचे खाते सोपवले. उजव्या वृत्तपत्रांनी त्याला ‘आळसाचे मंत्रालय’ म्हणून हिणवले. पण सुटीच्या प्रवासासाठी रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळाली आणि हजारो कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच सरकारचे हवाई मंत्री पिएर कोत यांनी ‘लोकांचे विमानोड्डाण’ ही योजना काढून सामान्य घरांतल्या मुलामुलींसाठी क्लबांची दारे उघडली. युद्धाची चाहूल हेही त्यामागे एक कारण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सोव्हिएत रशियातल्या क्लबांचेही तेच. शिवाय तिथे स्वातंत्र्याच्या नावाने शून्य. तरीसुद्धा यारोस्लाव्हलच्या कापड गिरणीतली व्हॅलेंटिना तेरेश्कोवा फावल्या वेळात तिथल्या एअरो क्लबात पॅराशूटची उडी शिकली आणि १९६३ साली अवकाशात जाणारी पहिली स्त्री ठरली, ही गोष्ट उरतेच. परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरीचे हजारो चाकरमानी खपले. गावकीच्या खोल्या, भजनी मंडळे, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ हे सारे त्यांनी स्वतःच्या घामातून उभे केले. जुहू त्यांच्यापासून काही मैलांवर होते. तिथे सरकारी मदतीने चाललेला क्लब आपलाही असू शकतो, असे त्यांना कोणी सांगितले नाही; समाजवाद्यांनीही नाही.

या संदर्भात ग्लायडिंगचा विचार विशेष करण्याजोगा आहे. पुण्याला हडपसरच्या माळावर केंद्र सरकारचे ग्लायडिंग केंद्र कित्येक दशके चालले आणि बेताच्या शुल्कात कॉलेजच्या मुलांना तिथे उडता आले. ग्लायडरला इंजिन नसते. ते आकाशात जाण्यासाठी एकाने पंखाचे टोक धरून धावावे लागते, दुसऱ्याने विंच चालवावे लागते, तिसऱ्याने सुटलेली तार ओढून परत आणावी लागते. एक जण दहा मिनिटे उडतो तेव्हा बाकीचे उन्हात राबत असतात, आणि मग पाळी बदलते. इंजिनाच्या विमानात पैसे मोजले की तास विकत मिळतो; स्नेहमेळावा नंतर, ऐच्छिक. ग्लायडरच्या मैदानावर मेळावा हेच उड्डाण! डबे उघडतात तेव्हा कोण कोणाचा हे वर्गणीने ठरत नाही, सकाळपासून तार कोणी ओढली यावरून ठरते. सेवादलाच्या शिबिरात वाढलेल्या कार्यकर्त्याला ही पंगत ओळखीची वाटेल.

आज हौशी क्लबांचे स्वरूप पालटले आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखांच्या कितीतरी पटीत जातो. मुंबईच्या क्लबाने प्रशिक्षणाचे काम पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर नेले. २००९ मध्ये राज्याने लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबाद व यवतमाळ येथील विमानतळ एका खाजगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, तेव्हा त्या जिल्ह्यांच्या भाग्योदयाची भाषा झाली होती. पुढे काय झाले ते तिथल्या लोकांना विचारावे. मिरजोळ्याला तोच धडा पुन्हा गिरवण्याची गरज नाही.

येथे मधु दंडवते यांचे स्मरण होते. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर मतदारसंघाचा हा खासदार १९७७ साली रेल्वेमंत्री झाला. त्याने पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून घेतल्या नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली. हवाई क्रीडेच्या बाबतीतही रत्नागिरीच्या कार्यकर्त्यांनी याच रीतीने मागणी मांडावी. सार्वजनिक धावपट्टी सवलतीने वापरणाऱ्या प्रत्येक क्लबाने उड्डाणाच्या तासांचा ठरावीक हिस्सा जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या व आय.टी.आय.मधल्या मुलामुलींसाठी राखावा. विमानशाळेत झाडलोट करणारा, इंधन भरणारा माणूस क्लबाचा सभासद असावा आणि वार्षिक भोजनाला त्याचे पान इतरांच्याच पंक्तीत मांडले जावे. आणि क्लबाचा जमाखर्च दरसाल जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत छापला जावा. जिल्हा नियोजन समितीत हे मुद्दे करारापूर्वी यायला हवेत. भाडेपट्ट्यावर सह्या झाल्यानंतरची निवेदने फायलीत पिवळी पडतात, हा अनुभव जुना आहे.

ज्यांना या अटी जाचक वाटतील त्यांनी बाजारभावाने जमीन घेऊन स्वतःची धावपट्टी खुशाल बांधावी आणि तिथे हवी तशी मेजवानी करावी. सड्यावरच्या जमिनीचा आजचा भाव त्यांना दलाल सांगतीलच.