उभी बोट, चालू खर्च

जगातील बड्या धनिकांच्या शौकांची यादी केली तर आलिशान बोटीचा, म्हणजे यॉटचा, क्रमांक फार वरचा लागेल. बंगल्यात माणूस रोज राहतो, मोटार रोज फिरते. यॉटचे तसे नाही. ती वर्षातील बहुतेक दिवस मोनॅकोसारख्या एखाद्या बंदरात दोरखंडाने बांधलेली असते. मालक वर्षात चार-सहा आठवडे येतो, तेही आला तर. आपल्या वाचकांपैकी कोणी यॉट घ्यायला निघालेला नाही, हे उघड आहे. तरीही दुकानदाराने आणि कारागिराने या बोटींचा हिशेब एकदा समजून घ्यावा, असे मला वाटते. आकडे मोठे असले तरी हिशेब आपल्याच धंद्याचा आहे.

बोटींच्या व्यवहारात एक ढोबळ नियम मानला जातो. बोटीची जी किंमत, तिच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी तिच्या पोटात घालावी लागते. समजा, बोट १०० कोटी रुपयांची आहे. वर्षाचा खर्च १० कोटी. मालक वर्षातून ३० दिवस वापरतो. म्हणजे एका दिवसाच्या सैरीला ३३ लाखांहून अधिक पडले, आणि यात मुद्दलाची घट धरलेलीच नाही. दहा वर्षांत दुसऱ्या बोटीइतके पैसे खर्ची पडतात आणि हातात जुनी झालेली एकच बोट राहते.

उभ्या बोटीला एवढा खर्च कशाचा, असे कोणी विचारील. खारे पाणी सुटी घेत नाही. बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, म्हणून ठराविक काळाने बोट गोदीत चढवून खरवडावी व रंगवावी लागते. आतील लाकूड आणि चामडे कुजू नये म्हणून वातानुकूलन चालू ठेवावे लागते. कप्तान, इंजिनियर, आचारी, सफाईवाले यांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. बंदराचे भाडे आणि विमा वेगळाच. आणि एवढा पसारा किती लोकांसाठी? अशा खासगी बोटींवर साधारणपणे १२ च पाहुणे घेतात, कारण त्याहून जास्त घेतले तर प्रवासी जहाजाचे कडक नियम लागू होतात.

हा खर्च किती खरा आहे, ते अमेरिकन सरकारला चांगले कळले. १०६ मीटर लांबीची 'अमाडेया' ही यॉट एका रशियन धनिकाची असल्याचे सांगून २०२२ मध्ये फिजी बेटांवर जप्त करण्यात आली आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो बंदरात आणून ठेवली गेली. तिच्यावर मौज करायला कोणी नव्हते. तरी नुसत्या देखभालीला महिन्याला सुमारे ६ लाख डॉलर लागतात आणि विम्याचे पैसे वेगळे, असे सरकारनेच न्यायालयाला सांगितले. अखेर २०२५ मध्ये तिचा लिलाव झाला. हत्ती दारात बांधणे सोपे, चारा घालताना सरकारेही दमतात.

इराकचे सद्दाम हुसेन यांच्या बोटींची कथा त्याहून बोलकी आहे. १९८१ मध्ये डेन्मार्कमध्ये त्यांच्यासाठी ८२ मीटरची एक बोट बांधली गेली, जी पुढे 'बसरा ब्रीझ' म्हणून ओळखली गेली. त्याच दशकात फिनलंडमध्ये १२१ मीटरची 'अल मन्सूर' तयार झाली. त्या वेळी इराक-इराण युद्धात देशाची तरुण पिढी मरत होती. सांगतात की सद्दाम यांनी या दोन्ही बोटींवर कधी पाऊलही ठेवले नाही. 'अल मन्सूर' २००३ च्या युद्धात बॉम्बहल्ल्यात सापडून बसऱ्याजवळ शट्ट अल अरब नदीत आडवी झाली. पुढे वीस वर्षांनीही मच्छीमार तिच्या गंजलेल्या सांगाड्यावर चढून चहा पीत बसत. मालकापेक्षा तिचा उपयोग त्यांनाच जास्त झाला, असे म्हणावे लागेल.

आता आपल्या देशाशी जोडलेले उदाहरण पाहू. विजय मल्ल्या यांच्या नावाने ओळखली जाणारी ९५ मीटरची 'इंडियन एम्प्रेस' २०१८ च्या मार्चमध्ये माल्टा बेटावर अडवण्यात आली. कारण काय? चाळीसहून अधिक खलाशी व नोकरांचा पगार कित्येक महिने थकला होता आणि थकबाकी दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. त्यांत भारतीयही होते. जूनमध्ये लिलावात ४ कोटी ३५ लाख युरोची बोली लागली, पण बोली लावणाऱ्याने पैसे भरले नाहीत. सप्टेंबरमध्ये ती ३ कोटी ५० लाख युरोला गेली. सागरी कायद्यात खलाशांच्या पगाराचा हक्क कर्ज देणाऱ्या बँकेच्याही आधी धरला जातो, म्हणून त्या लोकांना आधार होता. जमिनीवरच्या मजुराच्या हाती असे हुकमाचे पान नसते. घाम सुकण्याआधी मजुरी हातात पडली पाहिजे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण शौकाचा खर्च अंगावर आला की पहिली कात्री मजुरीलाच लागते, मग ते माल्टा असो की भिवंडी.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. श्रीमंतांनी बोटी घेतल्या नाहीत तर बोट बांधणारे सुतार, वेल्डर, रंगारी काय खातील, असा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. अमेरिकेने १९९१ पासून एक लाख डॉलरहून महाग बोटींवर १० टक्के चैन-कर लावला. मंदी होतीच, त्यात विक्री आणखी पडली आणि कारखान्यांतील कारागीर घरी बसले. १९९३ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. तेव्हा धनिकाचा पैसा कारागिराच्या घरी जातो, हे मान्य. मात्र वापरात असलेली बोटही त्याच सुतार-वेल्डरला काम देते, आणि वर कमाई करते. काही मालक रिकाम्या दिवसांत बोट भाड्याने देतात, ते त्यातल्या त्यात शहाणे.

आमच्या कोकणातील मासेमारीची बोट पाहा. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्यावर उभ्या असतात. पण त्या दिवसांत जाळी विणली जातात, इंजिन उघडले जाते, बुडाला तेल-रंग लागतो. तिचे थांबणे पुढच्या हंगामाच्या कामाचे असते.

आता आपल्या पेढीवर नजर टाकू. मालेगाव-भिवंडीत बंद पडलेल्या मागाला शेडचे भाडे, विजेचा स्थिर आकार आणि बँकेचे व्याज चुकत नाही. कापडाच्या धंद्यात भाव चढेल म्हणून दाबून ठेवलेल्या गाठीला घडीवर डाग पडतो, फॅशन जाते, आणि गोदामाचे भाडे मात्र चढत राहते. दोन हंगाम चांगले गेले की कोणी हमरस्त्यावर काचेचे शोरूम उघडतो; गिऱ्हाईक मात्र जुन्या गल्लीतल्या दुकानातच येते. कोणी शेजाऱ्याने घेतली म्हणून भरतकामाचे महागडे यंत्र हप्त्यावर आणतो आणि काम मिळते महिन्यातले आठ दिवस. या सगळ्या आपल्या बंदरातल्या उभ्या बोटीच आहेत.

म्हणून मोठी खरेदी करताना किमतीवर घासाघीस करण्याआधी तीन आकडे कागदावर लिहावेत. वस्तू बंद असताना महिन्याला किती खाईल? वर्षातले किती दिवस खरोखर चालेल? आणि चालली नाही तर विकताना किती येईल? पहिल्या आकड्याला बारा महिन्यांनी गुणून दुसऱ्याने भागावे. जो आकडा येईल तो रोजच्या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर ती वस्तू गरजेपुरती भाड्याने घ्यावी किंवा चार भरवशाच्या माणसांनी मिळून घ्यावी, आणि उरलेल्या पैशातून आधी कारागिरांची थकलेली मजुरी चुकती करावी.