माणची माती समुद्राच्या तळाशी

नकाशात दहिवडी शोधा. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरांवर आहे. तरीही माण तालुक्यातल्या शेतांची धुपलेली माती त्या समुद्राला मिळत नाही. कुळकजाईजवळच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा आग्नेयेकडे वाहत जाते आणि पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेला मिळते. पुढे भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट पूर्व किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला. डोंगरउतारावरच्या मातीचा एखादा कण समुद्रात पोहोचायचा म्हणजे त्याला सारे द्वीपकल्प ओलांडावे लागते.

माणच्या दुष्काळाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक, हा मुलूख मूळचाच कोरडा, पर्जन्यछायेतला, तेव्हा इथे काही व्हायचे नाही. दुसरे, पूर्वी इथे घनदाट राने होती, ती माणसाने तोडली आणि पाऊस रुसला. दोन्ही मते ठामपणे मांडली जातात आणि पुरावा मात्र कोणीच देत नाही. फार तर आजोबांची आठवण सांगतात. आजोबांची आठवण साठ-सत्तर वर्षांची. हवामानाला एवढा काळ म्हणजे काहीच नव्हे. पुरावा हवा असेल तर गाळाकडे गेले पाहिजे.

२००६ साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' हे वेधनजहाज भारताच्या किनाऱ्यालगत फिरत होते. ते आले होते समुद्रतळाखाली गोठलेल्या मिथेन वायूच्या, म्हणजे इंधनाच्या शोधात. गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटर खोल पाण्याखालून त्याने गाळाचा लांब उभा नमुना वर काढला. शास्त्रज्ञ याला 'गाभा' म्हणतात. इंधनासाठी काढलेला हा गाभा हवामानाच्या अभ्यासकांच्या हाती लागला, आणि त्याच्या वरच्या काही मीटरांत गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांची नोंद सापडली. हेतू एक आणि लाभ दुसराच, असे विज्ञानात पुष्कळदा घडते.

आता तुम्ही विचाराल, चिखलावर काय लिहिलेले असते? पहिली गोष्ट, तो कुठून आला. दख्खनचा काळा कातळ, बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून आलेल्या लाव्हाचा बनला आहे. त्याच्या पूर्वेकडचे खडक शेकडो कोटी वर्षांचे जुने आहेत. खडकांत निओडिमियम नावाचे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. त्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचे परस्पर प्रमाण पूर्वेकडच्या त्या जुन्या खडकांत एक आणि दख्खनच्या लाव्हात दुसरे असते. खडकाचा चुरा झाला, नदीने तो शेकडो किलोमीटर वाहून नेला, तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही. चिखलातले प्रमाण मोजले, की त्यात काळ्या कातळाचा वाटा किती आणि जुन्या खडकांचा किती, याचा हिशेब मांडता येतो.

दुसरी गोष्ट, तेव्हा रान कसे होते. पानांवर मेणाचा पातळ थर असतो. तो नदीबरोबर वाहत जाऊन गाळात हजारो वर्षे टिकतो. झाडे आणि कोरड्या मुलखातली गवते हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात. (आपली ज्वारी-बाजरी या दुसऱ्या गटातली.) त्यामुळे मेणातले जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण पाहून रानाची जात कळते. तिसरी गोष्ट पाऊस. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांतला ऑक्सिजन मुखाशी गोडे पाणी किती येत होते ते सांगतो आणि त्याच कवचांतला किरणोत्सर्गी कार्बन थराचे वय सांगतो.

कॅमिलो पाँटन, लिव्हिऊ जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या गाभ्यातील निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि पुढे त्या टिकून राहिल्या. २०१७ साली जोसान व सहकाऱ्यांनी आणखी दाखवले, की याच उत्तरकाळात दख्खनमधून येणारा गाळ वाढला. म्हणजे पाऊस कमी झाला तरी धूप वाढली! हे उलटे वाटते, पण जमिनीवरचे आच्छादन विरळ झाले, की थोडका पाऊसही माती ओरबाडून नेतो. आच्छादन कशाने विरळ झाले? काही निसर्गाने, काही बहुधा शेती आणि गुरे पसरल्याने.

याला जमिनीवरचीही एक साक्ष आहे. भीमेच्या घोड या उपनदीवर इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती आधी ऐसपैस चौकोनी घरांची, नंतर लहान गोल झोपड्यांची झालेली दिसते. उत्खनकांनी या उतरणीचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला.

तेव्हा माझे मत असे, की वरची दोन्ही मते अर्धवट आहेत. मुलूख कोरडा होत गेला हे खरे, पण तो कायमच आजच्यासारखा नव्हता. माणसाचा हात होता हेही संभवते, पण पाऊस केवळ झाडे तोडल्यामुळे रुसला असे गाळ म्हणत नाही. मात्र हा पुरावा गोदावरीचा, शेजारच्या खोऱ्याचा. कातळ तोच, मोसमी वारे तेच, म्हणून तो आपल्याला बराचसा लागू पडतो. तरी माणची गोष्ट माणच्याच गाळातून वाचली पाहिजे, आणि तो तर आता समुद्रापर्यंत क्वचितच जातो. जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर या धरणांच्या आधी इंग्रजी अमदानीतला राजेवाडीचा तलाव आणि गावोगावचे पाझर तलाव तो अडवतात.

तलावांतला हा गाळ २०१७ पासून सरकारी योजनेतूनही उपसला गेला आहे. शेतकऱ्याला तो हवा असतो आणि तो त्याला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. माझे म्हणणे इतकेच, की शेवटची गाडी भरण्याआधी शाळेने गाळाचा एक उभा छेद नोंदवून ठेवावा. उन्हाळ्यात गुरुजींबरोबर जा. मोठ्या खड्ड्याच्या कडेखाली उभे राहू नका, ती ढासळते. कमरेएवढ्या सुरक्षित कडेची बाजू खुरप्याने साफ करा आणि दर पाच सेंटिमीटरला चिमूटभर गाळ स्वतंत्र पिशवीत घ्या. रंग, वाळू की चिकण, शिंपले, प्लॅस्टिकचा पहिला तुकडा कुठल्या थरात, सारे लिहा. तलाव जुना असेल, तर पुढे एखाद्या प्रयोगशाळेला त्यात सीझियम १३७ सापडू शकेल. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे पडलेल्या या द्रव्याचे प्रमाण १९६३ च्या सुमारास सर्वांत जास्त होते, म्हणून तो थर ओळखता येतो.

एक अडचण सांगून ठेवतो. तलाव आटला, की काळा गाळ भेगाळतो आणि वरची माती भेगांतून खाली पडते, थर मिसळतात. म्हणून छेद बांधाजवळच्या, सर्वांत शेवटी आटणाऱ्या डोहातच घ्यावा, आणि भेगा दिसल्या तर त्यांची खोलीही वहीत नोंदवावी.