चव घ्या, पण दुकान कुठे?

मैत्रिणींनो, शहरात हल्ली वाइन-बिअरची चव घ्यायचे कार्यक्रम होतात. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा. आमच्या मासवणला हे कोण शिकवणार? सकाळची ताडी गोड, उन्हं चढली की आंबट, हे इथल्या म्हातारीलाही कळतं! आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला चिकूच्या वाइनची वायनरी निघाली. बागायतदाराच्या चिकूला भाव मिळत असेल तर माझी हरकत नाही. तिथे जाऊन खुशाल चाखावी.

पण जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचं ठरवलं, तेव्हा मी धास्तावले. विरोध झाला, ते अमलात आलं नाही. तेल-साबणाच्या फळीवर बाटली नकोच. गल्लीतल्या दारूच्या दुकानात तर चव घेऊन कुणी परतत नाही, पगार ठेवून येतो.

ते बंद करायचा हक्क २००८ च्या नियमाने आपल्याला दिलाय. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, मग गुप्त मतदान. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. मात्र आडवीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसती आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे स्वयंपाक राहिला म्हणून घरी थांबलेल्या बाईचं मत आपोआप उभ्या बाटलीला! त्या दिवशीच्या भाकऱ्या आदल्या रात्रीच थापून ठेवा.