गाव गप्प का बसतं?

‘झी मराठी’वरच्या ‘देवमाणूस’चं पहिलं पर्व ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये संपलं. किरण गायकवाडने रंगवलेला तोतया डॉक्टर अजितकुमार देव गावात आला तोच बिघडलेला होता. म्हणून या पर्वात खरी घसरण दिसते ती गावाची. अडीअडचणीला औषध देणाऱ्याला पदवी विचारणं म्हणजे कृतघ्नपणा, असं एकदा ठरलं की माणसं नाहीशी झाली तरी डॉक्टरवरचा विश्वास ढळत नाही.

वरोऱ्यात बसून हे पाहताना परकं वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. बाटली कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं; विचारत कोणीच नव्हतं. मालिका सुरू असतानाच, मे २०२१ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने अवैध दारूकडे बोट दाखवत बंदी उठवण्याचा निर्णय घेतला. बंदी गेली, पण आपल्या गप्प बसण्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

हा अंक गुन्हेगारी मालिकांवर आहे. खलनायक किती क्रूर, याहून त्याच्या भोवतीच्या भल्या माणसांना गप्प राहण्यात काय सोयीचं होतं, हे शोधत तो वाचावा.

— संपादक