वाचून दाखव बरं

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा परीक्षांवरचा राग ठाऊक आहे. स्नेहसंमेलनांतल्या पाठांतराबद्दल लिहिलं होतं, तेव्हा काही शिक्षकांनी रागावून पत्रं पाठवली आणि काहींनी फोन करून "बरं झालं लिहिलंत" असंही सांगितलं. या आठवड्यात तो राग पुन्हा वर आला, आणि तोही भर लग्नात.

नगरच्या सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात आमच्या ओळखीचं एक कुटुंब आलं होतं. मनमाड रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांची थोडी शेती आहे. तीन मुलं: बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांचं शेंडेफळ. ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. अक्षता पडल्या, पंगतीला अजून वेळ होता. नवऱ्या मुलाकडच्या एका काकांनी मुलीला विचारलं, "काय गं बाळ, कितवीत आहेस?" मुलीने सरळ सांगितलं, "आम्ही शाळेत जात नाही काका, घरीच शिकतो." काकांनी एकदा तिच्या आईकडे पाहिलं, खिशातून लग्नपत्रिका काढली आणि मुलीच्या हातात दिली. "मग हे वाचून दाखव बरं."

मुलीने वाचलं. कुलस्वामिनी प्रसन्नपासून, चि. आणि चि. सौ. कां. पासून, खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणाऱ्या चिमुरड्यांच्या नावांपर्यंत सगळं. काका म्हणाले, "अरे वा, येतं की!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण त्याच मांडवात शाळेत जाणारी पाचपन्नास मुलं पळत होती. त्यांच्यातल्या एकाच्याही हातात कुणी पत्रिका दिली नाही. 'प्रथम' ही संस्था 2005 पासून गावोगाव जाऊन मुलांना वाचता येतं का ते पाहते, 'असर' नावाने तो अहवाल निघतो, आणि पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे त्यात वारंवार दिसलं आहे. तरी शाळेत नाव असलं की वाचता येतंच असं आपण धरून चालतो, आणि नाव नसलं की चारचौघांत पुरावा मागतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पंगतीत पुढचा प्रश्न तोच आला. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं तो म्हणतो, पण न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. घरी शिकवण्याला त्यात नाव घेऊन परवानगी नाही आणि नाव घेऊन मनाईही नाही. दहावीला ही मुलं 17 नंबरचा फॉर्म भरून बोर्डाच्या परीक्षेला बसतात किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. मुंबईची मालविका जोशी तर दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या बळावर 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. पण तिचं उदाहरण मी पंगतीत दिलं नाही. घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने एमआयटीत जाऊन दाखवावं अशी अट घालणं म्हणजे पुन्हा पत्रिका हातात देण्यासारखंच.

मला त्या घरातलं वाचन पाहायला मिळालेलं आहे. सकाळी पेपर आला की आठ वर्षांचा मुलगा आजोबांना बाजारभाव वाचून दाखवतो. आजोबांना मोतीबिंदू आहे, आणि घोडेगावला कांदा काय भावाने गेला हे त्यांना चहाआधी कळायला हवं असतं. मुलगा चुकला तर आजोबा लगेच ओळखतात, कारण भावांचा अंदाज त्यांना असतो. "अरे, एवढा कसा जाईल? नीट बघ." मुलगा नीट बघतो. किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव यांतला फरक त्याला याच पानावर कळला. रात्री आई वाचते आणि तिघंही ऐकतात. माधुरी पुरंदरे यांच्या 'यश'च्या गोष्टी धाकट्यासाठी असतात, पण बारा वर्षांची ताई तिथून उठून जात नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठ्यांसाठी असतो, आणि धाकटा त्यातलं निम्मं न समजताही डोळे मोठे करून ऐकतो. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. ते वडिलांच्या मोबाइलवर उघडतात आणि त्यावरून भांडणही होतं, कारण मोबाइल एकच आहे.

शाळेत प्रकट वाचन असतं. मूल उभं राहतं, पुस्तक तोंडासमोर धरतं आणि गुरुजींना वाचून दाखवतं. गुरुजींना तो धडा पाठ असतो, वर्गाला त्याचा कंटाळा आलेला असतो. म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाच ते ऐकायची गरज नसते. या घरात मूल वाचतं ते आजोबांना भाव हवा असतो म्हणून, आणि आई वाचते ते मुलांना पुढे काय झालं हे हवं असतं म्हणून. वाचणाऱ्याच्या समोर ऐकायला आतुर असलेलं माणूस बसलेलं असतं. मला वाटतं, वाचन मुरतं ते इथे. घरी शिकणं की शाळेत शिकणं हा वाद त्यानंतरचा.

आणि हे काही मनमाड रस्त्यावरच्या एका घराने नव्याने शोधून काढलेलं नाही. पंगतीत मी काकांना लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांगायला लागले, आणि जिलेबी ताटात तशीच राहिली.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. माहेर नाशिकजवळचं जलालपूर, माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांच्या कडक सोवळ्याच्या घरात त्या वाढल्या आणि अकराव्या वर्षी लग्न होऊन कवी नारायण वामन टिळकांच्या घरी आल्या. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. अक्षरं शिकल्या त्या घरी, नवऱ्याकडे. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली, पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार आपल्या या जिल्ह्यात रुजला. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 पासून होतं, 'ज्ञानोदय' 1842 मध्ये इथूनच सुरू झालं, आणि टिळकांनी पुढे त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. घरी नवऱ्याकडे शिकणं सावित्रीबाई फुले यांचंही तसंच. पहिले धडे जोतीरावांकडे घेतले आणि मग अध्यापनाचं शिक्षण घ्यायला नगरला मिस फरार यांच्याकडे आल्या. आधी घर, मग शाळा, हा क्रम या गावाला नवा नाही.

टिळकांचं घर माणसांनी भरलेलं असे. स्वतःचा मुलगा दत्तू, आश्रयाला आलेली मुलं, येणारे-जाणारे, आणि कवी. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन झालं, त्यात सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, नंतर नगरला याच घरात राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्याबद्दल आईच्या मायेने लिहून ठेवलं आहे. कवीचं घर म्हटल्यावर ओळ छापखान्यात जाण्याआधी स्वयंपाकघरात ऐकू जात असणार. चुलीपुढे बसलेल्या बाईला यमक चुकलेलं कळत असणार. नाहीतर शाळा न पाहिलेली ही बाई स्वतः कविता करायला लागली कशी? 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. ते महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत. मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता, म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं, 1934 पासून चार भागांत आलं. मराठीतलं पहिल्या दर्जाचं आत्मचरित्र कोणतं असं मला विचारलं तर मी दुसरं नाव घेणार नाही.

ते पुस्तक एकदा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. कुठेही दम लागत नाही, वाक्य कुठे अडत नाही. ज्या माणसाचं शिक्षण कानाने झालं त्याचं गद्य असं असतं, असं माझं मत आहे. शाळेतून आलेल्या आमच्यासारख्यांना दोन ओळींचं वाक्य लिहिताना अजूनही व्याकरणाचे गुरुजी मागे उभे असल्यासारखं वाटतं.

काका लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "पण टिळकांचं घर म्हणजे विद्वानांचं हो. आपल्या साध्या घरांत काय?" हा प्रश्न मला आवडला.

साध्या घरांत पोथी होती. काकांच्या लहानपणी त्यांच्याही गावात श्रावणात देवळात पोथी लागायची, हे त्यांनीच सांगितलं. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांचं स्थान, त्यामुळे त्या बाजूला 'नवनाथ भक्तिसार' अनेक घरांत वाचला जातो. त्याचे अध्याय 40. वाचणारा एक, ऐकणारं सगळं गाव, त्यात सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी शेजारी शेजारी. कुणाची इयत्ता काढली जात नाही. आज न समजलेला अध्याय पोराला पुढच्या श्रावणात समजतो. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये 'भक्तविजय' लिहिला तो असाच लोकांसमोर वाचला जायला. आणि आणखी मागे जायचं तर नेवासं आहे. ज्यांच्या घरातली मुंज समाजाने नाकारली त्या चार भावंडांना कोणती पाठशाळा घेणार होती? थोरला निवृत्ती धाकट्याचा गुरू झाला. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ बोलून सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ आधी श्रोत्यांसमोर बोलला गेला, मग कागदावर आला.

यातली एक गोष्ट मात्र आम्ही घरच्या शिक्षणाची बाजू घेणारे नेहमी गाळतो, आणि ती मला गाळायची नाही. घरी वाचून दाखवायला घरात वाचता येणारं, रात्री दमून आडवं न होणारं मोठं माणूस लागतं. त्या मुलीच्या आईला पदवी आहे, घरची शेती आहे, संध्याकाळी तासभर बसायची सवड आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला, कोयत्यावर जातात ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. पहाटे फडात, रात्री गाडीतळावर. तिथली मुलंही शाळेत नसतात, पण त्यांना घरी शिकणारी मुलं असं कुणी म्हणत नाही. त्यांच्यातल्या काहींसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं. मुलं आजी-आजोबांपाशी राहतात, शाळा चालू राहते, जेवणाची सोय होते. पण आजीला अक्षर येत नाही आणि देवळातली पोथी बहुतेक गावांत बंद पडली आहे. या मुलांना दिवसभरात कुणी एक पानही वाचून दाखवत नाही. शाळेत तीच उभी राहून वाचून दाखवतात.

त्यांच्यासाठी शाळाच हवी, उत्तम शाळा हवी, बारा महिने हवी. घरच्या शिक्षणाचं कौतुक करताना शाळेचं महत्त्व एका शब्दानेही कमी करायची माझी इच्छा नाही. मला एवढंच हवं आहे की शाळेत आणि वसतिगृहात रोज कुणीतरी मोठ्याने, स्वतःला आवडलेलं पुस्तक, मुलांना वाचून दाखवावं. त्यावर प्रश्न विचारू नयेत, गुण देऊ नयेत, बोध काढायला लावू नये. शिक्षकांच्या डोक्यावर याद्या आणि अहवाल इतके आहेत की त्यांच्याकडे ही अर्धी घटका उरत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी निवृत्त माणसांकडे मागते आहे. नगरमध्ये जिल्हा वाचनालयाच्या पायऱ्या चढणारी, सकाळी चार पेपर वाचणारी, वाचनाने आयुष्य घडलं असं मनापासून म्हणणारी माणसं भरपूर आहेत.

त्या काकांनी पंगत उठता उठता माझा नंबर घेतला. ते पाथर्डीचे, त्यांच्या वाड्याच्या मागेच शाळा आहे आणि तिथे दिवाळीनंतर अशी मुलं राहतात. त्यांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकाने सुरुवात करू?" मी 'फास्टर फेणे' सांगितलं. त्या बारा वर्षांच्या मुलीने मध्येच बोलून माझं खोडून काढलं. तिच्या मते सुरुवात 'भक्तविजय'मधल्या गोष्टींनी करावी, कारण त्या मुलांच्या आज्यांना त्या आधीच माहीत असतील आणि मग आज्याही येऊन बसतील. काकांना तिचं पटलं. ज्यांच्याकडे 'भक्तविजय'ची मोठ्या अक्षरांची प्रत असेल, किंवा 'किशोर'चे जुने अंक रद्दीत घालायला काढलेले असतील, त्यांनी मला या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर कळवावं. दिवाळीपर्यंत वेळ आहे.